छाप्यानंतरचा कायदा

मानवी तस्करीविरुद्ध देशाला स्वतंत्र, सर्वसमावेशक कायदा हवा की नको, हा वाद २०१८ पासून अधूनमधून पेटतो आणि दर खेपेला त्याच दोन टोकांना जाऊन थांबतो. एका टोकाला म्हणणे असते की मुली विकणाऱ्यांना जरब बसली पाहिजे: जामीन नको, मालमत्ता जप्त करा, वेळ पडली तर फाशी द्या. दुसऱ्या टोकाला म्हणणे असते की असा कायदा म्हणजे पोलिसांच्या हाती आणखी एक दंडुका, आणि तो दलालाच्या पाठीत न बसता वस्तीतल्या बाईच्याच पाठीत बसणार. वाहिन्यांवरची चर्चा तर दहा मिनिटांत ‘वेश्याव्यवसाय कायदेशीर करावा का’ या प्रश्नावर येते आणि तिथेच संपते. ज्या माणसाला विकले, फसवून नेले, कोंडून राबवले, त्याची सुटका झाल्यावर त्याचे काय होते? कायदा त्याच्या हातात काय ठेवतो? हा विषय वेळ संपेपर्यंत निघतच नाही.

माझे मत स्पष्ट आहे. कायदा हवा आणि लवकर हवा. पण त्याचा कणा सुटलेल्या माणसाचे हक्क हा असला पाहिजे. शिक्षेची कलमे त्याच्यामागून यावीत. पैसा, निवारा, ओळखीची कागदपत्रे, स्वतःचा वकील आणि नको असेल तर कोंडून न राहण्याचे स्वातंत्र्य या गोष्टी खटला उभा राहो न राहो, आरोपीला शिक्षा होवो न होवो, त्या माणसाला मिळाल्या पाहिजेत. आणि हा कायदा कामाठीपुऱ्याला जितका लागू, तितकाच उसाच्या फडाला आणि वीटभट्टीलाही लागू असला पाहिजे.

संविधानाच्या अनुच्छेद २३ ने माणसांचा व्यापार, बिगार आणि सक्तीची मजुरी यांना एकाच वाक्यात बंदी घातली. घटनाकारांच्या लेखी या तिन्ही गोष्टी एकाच कुळातल्या होत्या. संसदेने मात्र त्यांची वाटणी केली. वेश्याव्यवसायातल्या व्यापारासाठी १९५६ चा कायदा, ज्याला आज पोलिसांपासून वार्ताहरांपर्यंत सगळे ‘पिटा’ म्हणतात. वेठबिगारीसाठी १९७६ चा कायदा. एक पोलीस ठाण्याच्या ताब्यात गेला, दुसरा महसूल खात्याच्या, आणि या दोन खात्यांची सहसा एकमेकांशी भेट होत नाही. दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या न्या. वर्मा समितीच्या अहवालानंतर २०१३ मध्ये भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७० मध्ये तस्करीची नवी व्याख्या आली. तीच आता थोड्या फरकाने भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे. या व्याख्येतून एक महत्त्वाची गोष्ट वगळली गेली, तिची आठवण कुणी काढत नाही. फेब्रुवारी २०१३ च्या अध्यादेशात शोषणाच्या प्रकारांमध्ये सक्तीची मजुरी स्पष्ट लिहिलेली होती. दोन महिन्यांनी संसदेने कायदा केला तेव्हा ते शब्द उडाले. गुलामगिरी राहिली, अवयव काढून घेणे राहिले, ‘शारीरिक शोषण’ असा मोघम उल्लेख राहिला. त्याचा परिणाम असा की ठाणे अंमलदाराच्या डोळ्यांपुढे ‘तस्करी’ म्हटले की आजही फक्त लालबत्तीची वस्ती येते.

तस्करीविरोधी स्वतंत्र कायद्याचे २०१८ चे विधेयक २६ जुलैला लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेत ते पुढे सरकलेच नाही आणि २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित होताच बाद झाले. २०२१ मध्ये महिला व बालविकास मंत्रालयाने नवा मसुदा काढला. इतक्या गुंतागुंतीच्या विषयावर लोकांना मते द्यायला जेमतेम दोन आठवडे दिले, आणि पुढे तो मसुदाच राहिला. २०१८ च्या विधेयकात एक तरतूद फार मोलाची होती: पुनर्वसन हे फौजदारी खटल्याच्या निकालावर अवलंबून राहणार नाही. त्याच विधेयकात दुसरी तरतूद तितकीच धोक्याची होती: सज्ञान व्यक्तीने ‘मला सुधारगृहात राहायचे नाही’ असे प्रतिज्ञापत्र दिले तरी ते स्वेच्छेने दिलेले नाही असे वाटल्यास दंडाधिकारी ते फेटाळू शकत होता. एकाच कागदावर एवढे चांगले आणि एवढे वाईट असताना चर्चा मात्र ‘विधेयक हवे’ आणि ‘विधेयक नको’ अशा दोनच घोषणांत झाली. कलमानुकलम बोलणारे फार थोडे होते आणि त्यांना माईक मिळाला नाही.

नुसता गुन्हा ठरवून आणि नुसते दार उघडून माणूस मोकळा होत नाही, याचा धडा आपल्याला फार पूर्वी मिळाला आहे. १८४३ मध्ये कंपनी सरकारने कायदा करून गुलामीला न्यायालयात मिळणारी मान्यता काढून घेतली. त्यानंतर गुलाम हा गुलाम नव्हता, कारण कायद्याने तसे म्हटले होते. पण त्याला जमीन मिळाली नाही, मजुरीची हमी मिळाली नाही, रात्री झोपायला छप्पर मिळाले नाही. तो गेला कुठे? बराचसा त्याच धन्याकडे, आता कर्जाच्या नावाने. गुलामीची वेठ झाली, वेठीची सालदारी झाली, आणि वेठबिगारी बंद करायला देशाला १९७६ पर्यंत वाट पाहावी लागली. म्हणजे १३३ वर्षे. आज वस्तीतून सोडवलेली मुलगी पुन्हा वस्तीत दिसली की आपण तिच्या स्वभावाला दोष देतो. १८४३ नंतर जुन्या धन्याच्या दारात परतलेल्या माणसालाही त्या काळचे लोक हेच म्हणाले असतील.

आपल्याकडच्या छाप्यांचा इतिहास पाहा. फेब्रुवारी १९९६ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मुंबईच्या वस्त्यांवर मोठे छापे पडले आणि चारशेहून अधिक मुली व स्त्रिया बाहेर काढल्या गेल्या. त्यांत नेपाळी मुली मोठ्या संख्येने होत्या. सुटकेचे कौतुक झाले, मग प्रश्न आला की यांना ठेवायचे कुठे. शासकीय गृहांमध्ये गर्दी झाली, आजारपण आले, काही जणी दगावल्या, काही पळून गेल्या. नेपाळ सरकार आपल्याच मुलींना परत घ्यायला कचरत राहिले. शेवटी तिथल्या स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेतला तेव्हा काही महिन्यांनी शंभरावर मुली मायदेशी पोचल्या. छापा काही तासांचा होता. पुढच्या महिन्यांची जबाबदारी कुणाचीच नव्हती, कारण कायद्यात ती कुणावर टाकलेलीच नव्हती.

गोव्यात वास्कोजवळच्या बायणा किनाऱ्यावरची वस्ती २००४ च्या जूनमध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर, बुलडोझर लावून पाडली गेली. त्याआधी न्यायालयाचा आदेश होता, आणि त्या आदेशात पुनर्वसनाचीही भाषा होती. पाडकाम वेळेवर झाले. पुनर्वसनाच्या बाबतीत ती तत्परता दिसली नाही. धंदा संपला का? तो लॉजमध्ये, भाड्याच्या फ्लॅटमध्ये, मसाज पार्लरच्या पाट्यांमागे गेला, जिथे ना आरोग्यसेवक पोचतो ना संस्थेची कार्यकर्ती. तिथे एखादी अल्पवयीन मुलगी आणली गेली तर ते कळणेही अवघड झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये नागपुरात गंगाजमुना या वेश्यावस्तीच्या बाबतीत पोलिसांनी पिटाच्या कलम ७ खाली वस्ती बंद करण्याचा आदेश काढला आणि बॅरिकेड लावले. तिथल्या बाया रस्त्यावर उतरल्या. आत कुणाला विकून आणले असेल तर तिला शोधून काढणे हे तपासाचे काम आहे. वस्तीला टाळे ठोकल्याने तो तपास होत नाही, उलट साक्षीदार पांगतात.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात बळकट मुद्दा घेतो, कारण तो टाळून हा लेख लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. मुद्दा असा: छाप्यातून बाहेर काढलेल्या बाईला लगेच विचारले की ‘तुला जायचे आहे का’, तर तिच्या तोंडून घरवालीची, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईची, भीती बोलते. तिचे मूल घरवालीकडे असते, कर्जाचा आकडा तिच्या डोक्यावर असतो, गावातल्या बापाचा पत्ता दलालाला ठाऊक असतो. तिने ‘मी माझ्या मर्जीने आले’ असे म्हटले तर त्या वाक्याला किती किंमत द्यायची? ही भीती काल्पनिक नाही. मुंबईत सोडवलेल्या अल्पवयीन मुलींना सोडवून नेण्यासाठी वस्तीतल्या लोकांच्या बाजूने वकील उभे राहात होते. कामाठीपुऱ्यात १९८६ पासून काम करणाऱ्या ‘प्रेरणा’ संस्थेने त्याविरुद्ध दाद मागितली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००२ मध्ये त्या प्रकरणात आदेश दिले की अशा मुलींकडे आरोपी म्हणून न पाहता काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालके म्हणून पाहावे. तो निकाल योग्य होता. अठरा वर्षांखालच्या मुलीच्या बाबतीत संमतीचा प्रश्नच निघू नये आणि तिला बालकल्याण समितीच्या देखरेखीखालीच ठेवावे, यावर माझे दुमत नाही.

पण सज्ञान स्त्रीचे काय? पिटाच्या कलम १७ खाली दंडाधिकारी तिला किमान एक आणि कमाल तीन वर्षे संरक्षणगृहात ठेवू शकतो. तिने गुन्हा केलेला नसतो. तिच्यावर आरोपपत्र नसते. तरी तीन वर्षांपर्यंत बंद दार. २०१९ मध्ये मुंबईतल्या एका कारवाईत तीन तरुणी पकडल्या गेल्या. त्या ज्या समाजातून आल्या त्यात हा व्यवसाय परंपरेने चालतो, हे कारण पुढे करून त्यांना एक वर्ष संस्थेत ठेवण्याचा आदेश झाला. सप्टेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि सांगितले की पिटा कायदा वेश्याव्यवसायाला स्वतःहून गुन्हा ठरवत नाही, आणि सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध असे डांबता येत नाही. तोवर त्यांचे वर्ष जवळपास गेले होते. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितले की संरक्षणगृहांची पाहणी करा आणि इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांना सोडण्याची कार्यवाही करा. पीडितांच्या संरक्षणासाठी बांधलेल्या इमारतींमधून पीडितांना सोडवा, असे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, यातच आपल्या कायद्याची रचना कळते.

भीतीखाली दिलेली संमती खरी नसते, हे मान्य केले की उपाय कोठडीच ठरतो, असे मुळीच नाही. भीती जावी यासाठी लागते ती थोडी मोकळी मुदत. काही आठवडे राहायला सुरक्षित जागा, जिच्या दाराला बाहेरून कुलूप नाही, मूल बरोबर, संस्थेचा किंवा पोलिसांचा नसलेला, फक्त तिचाच असा वकील, तिची भाषा बोलणारी बाई, आणि हातात थोडे पैसे, म्हणजे घरवालीकडे जाणे हा एकमेव रस्ता उरत नाही. मग तिला विचारा. त्यानंतरही ती परत जाणार असेल तर सज्ञान नागरिक म्हणून तिचा तो निर्णय आपल्याला मान्य करावा लागेल. सांगलीत, मिरजेत या व्यवसायातल्या बायांनी स्वतःची संघटना बांधली आहे. लहान मुली वस्तीत आणल्या गेल्या तर आम्हाला सगळ्यांत आधी कळते, असे त्या वर्षानुवर्षे सांगत आल्या आहेत. ज्या बाईला तुम्ही छाप्यात फरपटत नेता ती उद्या तुम्हाला खबर कशी देईल?

संमतीच्या या वादात मला नेहमी गोपाळ कृष्ण गोखल्यांची आठवण होते. १८३४ पासून मॉरिशस, दक्षिण आफ्रिकेतले नाताळ, फिजी, वेस्ट इंडिजकडे गिरमिटाचे, म्हणजे ठरावीक वर्षांच्या कराराने बांधलेले, मजूर जात होते. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्यांत रत्नागिरीचे, कोकणचे लोक होते आणि त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवून घेतात. सरकारचा युक्तिवाद साधा होता: करार आहे, मॅजिस्ट्रेटपुढे वाचून दाखवला आहे, मजुराने अंगठा दिला आहे, तिथे मजुरी इथल्यापेक्षा जास्त आहे, मग जुलूम कसला? १९१० मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या सँडर्सन समितीनेही पद्धत चालू ठेवावी असाच कौल दिला. गोखल्यांनी त्याच वर्षी नाताळची भरती थांबवण्याचा ठराव कायदेमंडळात मंजूर करून घेतला आणि मार्च १९१२ मध्ये सगळीच गिरमिट पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारी मतांच्या जोरावर तो पडला. त्यांचा मुद्दा मजुराच्या अंगठ्यावर अडकलेला नव्हता. माणसे भोळी, निरक्षर, निराधार. त्यांना ठरावीक मालकाकडे ठरावीक वर्षे बांधलेले. काम सोडले तर तुरुंग, आणि या तुरुंगाचा करारात उल्लेखही नाही. करार सुरू होताना माणूस ‘हो’ म्हणाला का, यापेक्षा नंतर त्याला ‘नाही’ म्हणता येते का, हे त्यांनी पाहिले. पाच वर्षांनी, १९१७ मध्ये, भरती थांबली. तेव्हा गोखले हयात नव्हते.

हीच कसोटी आजच्या कायद्यात लिहायला हवी. सोडून जाता येते का? जाता येत असेल तर ती नोकरी आहे, वाईट असेल, कमी पगाराची असेल, पण नोकरी आहे आणि तिला कामगार कायदा लावा. कर्ज, मारहाण, कोंडणे, कागदपत्रे काढून घेणे, मुलाला ओलीस धरणे यांमुळे सोडून जाता येत नसेल, तर तो माणसाचा व्यापार आहे, मग ते काम कुंटणखान्यातले असो, वीटभट्टीवरचे असो की बंगल्यातल्या स्वयंपाकघरातले. या कसोटीने वेश्याव्यवसायाच्या नैतिकतेवरचा न संपणारा वाद बाजूला ठेवता येतो. तो वाद समाजाने चालू ठेवावा. कायद्याला त्याचा निकाल लागेपर्यंत थांबायची गरज नाही.

शिक्षा कडक करा म्हणणाऱ्यांचा राग मला समजतो. दहा वर्षांची मुलगी विकणाऱ्याला मोकळे फिरताना पाहून ज्याला राग येत नाही त्याच्याशी या विषयावर बोलण्यात अर्थ नाही. पण शिक्षा आज हलकी आहे का? न्याय संहितेत तस्करीला किमान सात वर्षे आहेत, बालकाची तस्करी असेल तर किमान दहा वर्षे, आणि पुढे जन्मठेपेपर्यंत. अडचण शिक्षेच्या आकड्यात नाही. ती शिक्षेपर्यंत खटला पोचण्यात आहे. तस्करीच्या खटल्यांत बहुसंख्य आरोपी निर्दोष सुटतात, आणि त्याचे कारण जिल्हा न्यायालयात बसून पाहिले तर कळायला वेळ लागत नाही. अशा खटल्यात मुख्य साक्षीदार एकच असतो: ती स्वतः. छाप्यानंतर तिला पश्चिम बंगालच्या किंवा आंध्रच्या गावी पाठवलेले असते. पाच-सहा वर्षांनी मुंबई-पुण्याच्या न्यायालयाचे समन्स येते. तोवर तिचे लग्न झालेले असते, सासरी काहीच सांगितलेले नसते. दलालाचा माणूस मात्र गावात येऊन गेलेला असतो, आणि त्याने पैसेही दिलेले असतात, जे सरकारने दिलेले नसतात. ती साक्षीला येत नाही, आली तर फितूर होते. तिच्या पायाखाली जमीन असती तर ती उभी राहिली असती. म्हणून ज्यांना फक्त शिक्षेतच रस आहे त्यांनीही आधी पुनर्वसनाच्या कलमांसाठी भांडले पाहिजे, कारण तिच्या पोटापाण्याची सोय झाल्याशिवाय तुमचा आरोपी तुरुंगात जाणार नाही.

आणि इथे आपल्या व्यवस्थेने नेमके उलटे करून ठेवले आहे. वेठबिगारीतून सुटलेल्यांसाठी केंद्राची २०१६ ची योजना आहे. पुरुषाला एक लाख, स्त्री आणि बालकाला दोन लाख, तस्करी किंवा लैंगिक शोषणाच्या गंभीर प्रकरणांत तीन लाख. कागदावर चांगली योजना आहे. पण तातडीची मदत आधी वीस हजार होती, ती नंतर तीस हजार झाली. उरलेली मोठी रक्कम न्यायालयीन प्रक्रियेच्या शेवटाशी बांधलेली. म्हणजे मालकाविरुद्धचा खटला रखडला तर मजुराचा पैसा रखडला. मालक सुटला तर मजुराची वेठही जणू खोटी ठरली. याच २०१६ मध्ये सरकारने संसदेत २०३० पर्यंत १ कोटी ८४ लाख वेठबिगार मुक्त करण्याचे ध्येय सांगितले होते. १९७८ पासून आजवर पुनर्वसन झालेल्यांची एकूण संख्या तीन लाखांच्या आसपास आहे. आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात मानवी तस्करीचे नोंदलेले गुन्हे होते २,२५०. हे तीन आकडे एकमेकांशेजारी ठेवा, मग नव्या कायद्यात फाशी असावी की नसावी या चर्चेचे वजन किती, ते ठरवा.

खटल्याआधी पैसे दिले तर खोटे पीडित उभे राहतील, ही शंका अधिकारी हमखास काढतात. रस्त्यावरच्या अपघातात मेलेल्याच्या बायकोला नुकसानभरपाई देताना आपण काय करतो? मोटार अपघात दावा प्राधिकरण चालकाला फौजदारी शिक्षा होण्याची वाट पाहत नाही. कागद, पंचनामा, साक्षी पाहते आणि संभाव्यतेच्या निकषावर निकाल देते. चालक उद्या फौजदारी न्यायालयात संशयाचा फायदा मिळून सुटला तरी विधवेने घेतलेली रक्कम परत मागत नाही. तिथेही खोटे दावे येतात. त्यासाठी सगळ्या विधवांचे पैसे अडवून ठेवावेत असे कुणी म्हटलेले नाही. वेठबिगारीच्या कायद्यात तर याहून पुढची गोष्ट आहे: कर्ज हे वेठीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर टाकली आहे. प्रांताधिकाऱ्याने चौकशी करून मुक्ती प्रमाणपत्र दिले की तेवढ्यावर पूर्ण रक्कम देण्यात अडचण काय आहे?

उसाच्या फडाकडे येतो, कारण हा प्रश्न महाराष्ट्रात सर्वांत मोठा तिथे आहे आणि त्याला तस्करी म्हटले की भल्याभल्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. बीड, नगर, जालना भागांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली. हंगामात फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर. एक दिवस आजारी पडून कामावर आले नाही तर खाडा, म्हणजे मजुरी नाही आणि वर दंड. या खाड्याच्या भीतीने पाळीचा त्रास कायमचा संपवून टाकण्यासाठी बायांनी गर्भाशये काढून घेतली, हे २०१९ मध्ये राज्यभर गाजले. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या बीडच्या पाहणीत अशा बायांची संख्या तेरा हजारांहून अधिक निघाली.

कारखान्यांच्या आणि मुकादमांच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे आणि ते ऐकून घेतले पाहिजे. उचल मजूर स्वतः मागतो. लग्न, दवाखाना, घराचे पत्रे यासाठी त्याला दुसरे कुणी एकरकमी पैसे देत नाही, बँक तर दारातही उभे करत नाही. उचल घेऊन दुसऱ्याच टोळीबरोबर निघून जाणारे मजूरही असतात आणि त्यात बुडालेले मुकादम मजुरांपेक्षा फार श्रीमंत नसतात. सगळी ऊसतोड म्हणजे तस्करी, असे मी म्हणत नाही. पण हंगामाच्या मध्ये मजूर निघून गेला म्हणून त्याला गाडीत घालून आणले जाते, बायकोला किंवा मुलाला उचल फिटेपर्यंत ठेवून घेतले जाते, अशा बातम्या दर हंगामात येतात. त्यांत गुन्हा लागतो तो मारहाणीचा, फार तर अपहरणाचा. १९८२ मध्ये दिल्लीतल्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की किमान वेतनापेक्षा कमी पैशात गरजेपोटी केलेले काम हीदेखील अनुच्छेद २३ खालची सक्तीची मजुरी आहे, भूक हीही सक्तीच असते. त्या निकालाला चाळीस वर्षे उलटून गेली तरी तो फडापर्यंत पोचलेला नाही.

२०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी मुलांना नगर जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडे राबायला दिल्याचे उघड झाले. बदल्यात आईबापांना थोडे पैसे आणि एखादी मेंढी. उघड झाले तेही एक मुलगी मेल्यामुळे. त्या वेळी पुष्कळांनी आईबापांना शिव्या घातल्या. ज्यांच्याकडे शिधापत्रिका नाही, जातीचा दाखला नाही, राहत्या झोपडीखालची जागा स्वतःच्या नावावर नाही, त्या आईबापांना तुरुंगात टाकून पुढचे मूल वाचेल का? की शिधापत्रिका देऊन वाचेल?

शोषण झालेल्यालाच आरोपी करण्याची ही खोड नव्या प्रकारच्या तस्करीतही दिसते. चांगल्या पगाराच्या नोकरीच्या आशेने थायलंडला गेलेली मुले म्यानमार आणि कंबोडियातल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर विकली जातात. मार्च २०२५ मध्ये अशा पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणले. महाराष्ट्रातले तरुणही या सापळ्यात सापडले आहेत. पासपोर्ट काढून घेऊन, मारहाण करून त्यांच्याकडून लोकांना लुबाडून घेतले गेले. ते फसवणुकीचे आरोपी की तस्करीचे बळी? ब्रिटनने २०१५ च्या कायद्यात अशा सक्तीने केलेल्या गुन्ह्यासाठी, काही गंभीर गुन्हे वगळून, बचावाची तरतूद केली. आपल्याकडे बांगलादेशातून विकून आणलेल्या बाईवर परकीय नागरिक कायद्याखाली आरोपपत्र ठेवू नये, अशी गृह मंत्रालयाची २०१२ ची सूचना आहे. सूचना पाळली जाते किंवा पाळली जात नाही. ती न पाळणाऱ्या अधिकाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. हेच कायद्यात कलम म्हणून आले तर आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केलेली बाई ते न्यायाधीशापुढे ठेवू शकेल.

म्हणून ‘आहेत ते कायदे पुरेसे आहेत, नवा नको’ हे दुसऱ्या बाजूचे म्हणणेही मला पटत नाही. पोलिसांच्या हाती जास्त सत्ता जाण्याची त्यांची भीती खरी आहे. बायणा आणि गंगाजमुना त्याला साक्ष आहेत. पण त्यांनी विधेयक अडवले तेव्हा मागे उरले काय? १९५६ चा पिटा, त्याचे कलम १७, ग्राहक शोधणाऱ्या बाईला सहा महिन्यांचा तुरुंग देणारे कलम ८, आणि बाईच्या कमाईवर जगणाऱ्या तिच्या सज्ञान मुलालाही गुन्हेगार ठरवू शकणारे कलम ४. ज्या दंडुक्याला ते घाबरतात तो आधीपासूनच पोलिसांच्या हातात आहे. नवा कायदा अडवण्यापेक्षा ही कलमे रद्द करणारा कायदा मागणे त्यांच्याच हिताचे आहे.

संसद हे कधी करील ते सांगता येत नाही, पण राज्याला हात बांधून बसायचे कारण नाही. वेठबिगारीचा कायदा राबवण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची आहे, दक्षता समित्या राज्य सरकारनेच बसवायच्या आहेत. मुक्ती प्रमाणपत्र मिळताच पूर्ण रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून द्यावी आणि केंद्राकडून नंतर वसूल करावी. उचल लेखी, कारखान्याच्या खात्यातून आणि मजुराच्या बँक खात्यात जमा व्हावी, म्हणजे मुकादमाच्या वहीतला आकडा हा एकमेव पुरावा राहणार नाही. संरक्षणगृहांत आज किती सज्ञान स्त्रिया स्वतःच्या इच्छेविरुद्ध आहेत, याची सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेली पाहणी महाराष्ट्राने जाहीर करावी. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते तेव्हा गळीत हंगाम ऐन भरात असतो आणि गंगाजमुना विधानभवनापासून फार लांब नाही. बीड, आष्टी, गेवराई, इगतपुरीच्या आमदारांनी तिथे तारांकित प्रश्न विचारावा: गेल्या पाच वर्षांत आपल्या जिल्ह्यात मुक्ती प्रमाणपत्रे किती दिली, त्यांपैकी पूर्ण रक्कम किती जणांच्या हातात पडली, आणि उरलेल्यांची कोणत्या कारणाने अडली.